भिन्नमताचा खर्डा

१

फ्रेमच्या मागचा पुठ्ठा निघाला, आणि ओवीच्या हातात जो कागद आला तो नव्या गठ्ठ्यातून काढल्यासारखा पांढराशुभ्र होता.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "हा झेरॉक्स आहे."

भानुमतीबाईंनी चष्मा पुसला, परत लावला. कागदावर वडिलांचं अक्षर होतं, निळी शाई होती, खोडलेल्या ओळी होत्या. पण तेवीस वर्षांच्या कागदाला जो चहाच्या रंगाचा पिवळेपणा यायला हवा, तो नुसताच छापलेला होता. बोट फिरवलं तर शाई कुठंच लागत नव्हती.

औरंगपुऱ्यातल्या त्या वाचनालयाच्या हॉलमध्ये येत्या रविवारी तात्यासाहेब सावंगीकरांच्या कागदपत्रांचं प्रदर्शन उघडणार होतं. तात्यासाहेब म्हणजे भानुमतीबाईंचे वडील, वैजनाथराव. शहरातले जुने वकील, सहा वर्षं राज्यसभेचे खासदार. त्यांच्याच पक्षाच्या सरकारनं राज्यांच्या धरणांवरचा निर्णय दिल्लीच्या हाती देणारं एक विधेयक आणलं होतं. लोकसभेनं ते एका दुपारीत मंजूर केलं, पण राज्यसभेनं ते प्रवर समितीकडं पाठवलं. तिथं तात्यासाहेबांनी स्वपक्षाच्या विरोधात आपलं भिन्नमत लिहून दिलं. त्या टिपणानंतर विधेयक जे अडकलं ते पुढं सभागृहात आलंच नाही. तात्यासाहेबांनाही पक्षानं पुन्हा पाठवलं नाही.

त्या टिपणाचा हातानं लिहिलेला खर्डा हे प्रदर्शनाचं काळीज होतं, आणि तोच गेला होता.

"पोलिसांत जाऊ," चिन्मय म्हणाला. तो भानुमतीबाईंचा भाचा, तात्यासाहेबांचा नातू.

"नको," भानुमतीबाई म्हणाल्या. "पोलिसांना आधी राज्यसभा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागेल. जोहराआपाला फोन लाव."

२

जोहरा काझी शहागंजातून रिक्षानं आली ती थेट फ्रेमपाशीच जाऊन उभी राहिली.

मूळची खुलताबादची. वयाची तीस वर्षं तिनं राज्यसभेच्या काचेच्या खोलीत घालवली होती, कानाला यंत्र लावून. मराठी सदस्य मराठीत बोलायला उठला की त्याचं बोलणं हिंदीत उतरवायचं काम तिचं. तात्यासाहेब सहा वर्षं बोलले ते निम्म्या देशानं जोहराच्या आवाजात ऐकलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी त्या सभागृहाचा विषय निघाला की तिची पाठ अजूनही ताठ व्हायची. ते सभागृह कधी विसर्जित होत नाही, हे ती लोकांना असं सांगायची, जसं एखादी बाई आपल्या माहेराबद्दल सांगते.

"आपा, बसा तरी," भानुमतीबाई म्हणाल्या.

"बसते. आधी हे सांगा, भानूताई, फ्रेम केली कुणी होती?"

"तात्यांनीच. दिल्लीहून परत आल्यावर. पुठ्ठा लावला, खिळे स्वतः ठोकले. वीस वर्षं त्यांच्या अभ्यासिकेत भिंतीवर होती. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. सोमवारी पहिल्यांदा खाली उतरवली आणि इथं आणली."

जोहरानं पुठ्ठा उलटा केला. जुन्या खिळ्यांची भोकं गंजानं तांबूस झाली होती. त्यांतच चार नवे, चकचकीत खिळे नीट बसवलेले होते. ज्यानं हे केलं त्याला घाई नव्हती. कागद फाटू नये याची काळजी होती.

"आणि हा झेरॉक्स कुठून आला?"

"माझ्याकडूनच," ओवी म्हणाली. ती विद्यापीठात राज्यशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि प्रदर्शनाची मांडणी तिच्याकडं होती. "मी सोमवारी काचेवरूनच स्कॅन केलं. पुस्तिकेसाठी तीन रंगीत प्रती काढल्या. आज मोजल्या तर दोनच."

"सोमवार ते आज गुरुवार. हॉलमध्ये कोण कोण आलं?"

"मी, मॅडम आणि चिन्मय. आम्हा तिघांकडं किल्ल्या आहेत. मंगळवारी दुपारी कारभारीकाका आले होते, तात्यासाहेबांच्या फोटोला हार घेऊन. दिल्लीत ते साहेबांचे पीए होते ना. दोन तास बसले. मी तेवढ्यात छापखान्यात जाऊन आले."

"रविवारी त्यांचा सत्कार आहे," भानुमतीबाई म्हणाल्या. "तात्यांच्या पाठीशी उभं राहिलेला माणूस म्हणून."

जोहरानं मान हलवली. कारभारी थोरात. लासूर स्टेशनचा माणूस. दिल्लीच्या थंडीत मफलर गुंडाळून तिच्या खोलीच्या दारात चिठ्ठी घेऊन उभा राहायचा, 'उद्या साहेब मराठीतून बोलनार हायेत.'

ओवीनं तिला जरा बाजूला ओढलं.

"आपा, एक गोष्ट मॅडमसमोर बोलले नाही. हा खर्डा लावूच नका, म्हणून चिन्मय माझ्याशी तीनदा भांडलाय."

३

चिन्मयनं लपवलं नाही.

"हो, म्हणालो होतो. आपा, तुम्हीच सांगा. मी महापालिकेचं तिकीट मागतोय, त्याच पक्षाकडं. रविवारी जिल्हाध्यक्ष पाहुणे म्हणून येणार. आणि आपण दारातच पक्षाच्या विरोधातलं टिपण लावून ठेवायचं?"

"आजोबांची लाज वाटते?"

"लाज नाही हो." तो गडबडला. "मी आठ वर्षांचा होतो तेव्हा. घरी लोक यायचे बंद झाले, एवढंच आठवतं."

जोहरानं हातातला पुठ्ठा बाजूला ठेवला.

"बरं. तो कागद नाहीसा झाला तर काय होईल?"

"काय होईल म्हणजे? पुरावाच गेला ना. आजोबांनी असं काही लिहिलं होतं हे दाखवणार कशावरून?"

जोहरा हसली.

"बेटा, सदस्यानं दिलेलं भिन्नमत समितीच्या अहवालाला जोडून छापलं जातं. शब्दन् शब्द. अहवाल सभागृहात मांडला जातो आणि संसदेच्या ग्रंथालयात कायमचा राहतो. सरकारं बदलली तरी तो हलत नाही. तुझ्या आजोबांचं टिपण चोरायचं तर संसद भवनच उचलून न्यावं लागेल."

चिन्मयचा चेहरा पडला नाही, उलट उजळला.

"खरंच? आजही वाचता येईल?"

"आजही."

आता जोहराला दोन गोष्टी कळल्या होत्या. मजकूर अहवालात आहे हे याला ठाऊकच नव्हतं. म्हणजे हा चोर असता तर मजकूर लपवण्यासाठीच त्यानं चोरी केली असती, आणि मग त्याच मजकुराचा झेरॉक्स फ्रेममध्ये ठेवून गेला नसता. लोकांनी टिपण वाचलं तर चोराची काही हरकत नव्हती. त्याला नको होतं ते दुसरंच काहीतरी, जे छापलेल्या अहवालात नाही आणि झेरॉक्समध्येही नाही.

"आपा," चिन्मय जाताजाता म्हणाला, "ओवीलाही विचारा. दिल्लीतल्या एका खासगी संग्रहालयाला मूळ कागदच हवाय. तिला त्यांची मेल आलीय. मी स्क्रीनवर पाहिली."

४

"आली होती," ओवी म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "मी नाही म्हणून कळवलं. हे बघा उत्तर. आपा, मला तो कागद इथंच हवा होता, या शहरात. सिल्लोडच्या माझ्या गावात कुणाला सांगितलं की राज्यसभेवर पीएच.डी. करतेय, तर विचारतात, ते पडलेल्या पुढाऱ्यांचं सभागृह का? मला त्यांना हा कागद दाखवायचा होता."

"रडू नको. तू चोरी केली असतीस तर फ्रेम चारचौघांत उघडली नसतीस." जोहरानं तिला पाणी दिलं. "पण एक सांग. भिंतीवर नीट लटकत होती, मग उघडलीच कशाला?"

"काचेचा उभा स्टँड केलाय ना. दोन्ही बाजूंनी दिसेल असा. मंगळवारी आला, तो बघा कोपऱ्यात."

"दोन्ही बाजूंनी? का?"

"स्कॅनमध्ये सावल्या दिसत होत्या, आपा. मागून शाई उतरल्यासारख्या. मला वाटलं मागं पण काही खर्डा असेल, खोडलेले मुद्दे वगैरे. अभ्यासाला उपयोगी."

जोहरानं पेला खाली ठेवला.

"हे कुणाला बोललीस?"

"सगळ्यांनाच. मंगळवारी स्टँड उतरवताना सगळे इथंच होते."

जोहरानं झेरॉक्स खिडकीपाशी धरला. तात्यासाहेबांच्या ठसठशीत ओळींच्या मधल्या जागेत, अगदी फिकट, उलटी अक्षरं उमटलेली होती. डोळ्यांना लागत नव्हती. ती कागद घेऊन हॉलच्या टोकाला गेली. तिथं बेसिनवर आरसा होता.

आरशात अक्षरं सुलटी झाली. बरीचशी पुसट, पण मधले तीन शब्द शाईच्या जोरानं कागद भेदून आले होते.

'सही करू नका.'

ओवीनं तोंडावर हात ठेवला. "हे तात्यासाहेबांचं अक्षर नाहीये!"

"नाही," जोहरा म्हणाली. पोट फुगलेला तो 'क' तिनं पाहिला होता. सहा वर्षं, दर अधिवेशनात, दारात आलेल्या चिठ्ठ्यांवर.

५

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती लासूर स्टेशनला उतरली. मार्केट यार्डात मक्याच्या गोण्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. कारभारी थोरातांचं घर स्टेशनमागंच होतं. वय चौऱ्याहत्तर, अंगावर पांढरा सदरा, बोलणं तेच.

"आपा? तुमी? अन् इथं? या की. सूनबाई, चहा ठिवा, लई दिसांनी पाव्हणं आलंय."

चहा झाला. जोहरानं म्हटलं, "नाना, त्या दिवशीचं सांगा ना. तात्यासाहेबांनी टिपण लिहिलं तो दिवस. रविवारी तुमच्या तोंडून लोक ऐकतीलच, मी आधी ऐकते."

म्हातारा सावरून बसला. ही गोष्ट त्यानं शेकडो वेळा सांगितली असावी.

"समितीची शेवटची बैठक व्हती. साहेब खर्डा लिवत व्हते अन् मी त्यांच्या शेजारीच हुबा. मी म्हनलं, साहेब, भिऊ नका, करा सही. आपुन राज्याची मानसं हाव. अन् केली त्यांनी सही."

"शेजारी उभे होतात?"

"व्हय. अस्सा."

जोहरा हळू आवाजात बोलली. "नाना, प्रवर समितीची बैठक बंद दाराआड असते. आत सदस्य आणि सचिवालयाचे लोक. पीएनं बाहेर बाकावर बसायचं. तीस वर्षांत एकही पीए आत गेलेला मी पाहिला नाही."

कारभारी अंगणाकडं बघू लागले. अंगणात सून दाणे टाकत होती, कोंबड्या धावल्या.

"माझं चुकत असेल तर सांगा," जोहरा म्हणाली. "ज्यानं कागद नेला त्यानं झेरॉक्स ठेवला. म्हणजे पुढचा मजकूर त्याला लपवायचा नव्हता, मागचा लपवायचा होता. पण मागं काय आहे हे माहीत कुणाला? भानूताईंनी फ्रेम कधी उघडली नाही. चिन्मय तेव्हा लहान होता. ओवीला नुसत्या सावल्या दिसल्या. मागचं लिहिणं माहीत असलेला एकच माणूस जिवंत आहे, ज्यानं ते लिहिलं तो. दोन्ही बाजूंनी दिसणारा स्टँड आला मंगळवारी, आणि त्याच दुपारी तुम्ही दोन तास एकटे होतात."

ते उठले. जोहराला वाटलं, आता आत जातात आणि दार लावून घेतात. पण ते पत्र्याची पेटी घेऊन बाहेर आले. वरच धुतलेल्या उपरण्यात गुंडाळलेला कागद होता.

"जाळाया घेतला व्हता, आपा. काडी पेटंना. म्हंजी पेटली, पर हात पुढं जाईना."

तिनं कागद उलटला. वरच्या अर्ध्या भागात कारभारींचं अक्षर होतं:

'साहेब, आत्ता पक्षातल्या आपल्याच लोकांचा फोन आला. वरचे फार नाराज आहेत. म्हणून हे टाईपला दिलं नाही, शिपायाबरोबर परत पाठवतोय. सही करू नका. पुढची टर्म जाईल. हात जोडतो. कारभारी.'

त्याच्या खाली तात्यासाहेबांचं उत्तर होतं. जोहरानं ते वाचलं. मग परत वाचलं. मग तिला पदर डोळ्यांना लावावा लागला.

"भ्यालो व्हतो, आपा," म्हातारा म्हणाला. "मला शेजारी कुनी हुबंच केलं नव्हतं. मी बाहेर बसून कापत व्हतो. साहेब गेल्यावर लोक इचारू लागले, तवा तोंडातून निघून गेलं, मीच हिंमत दिली म्हनून. एकदा निघालं ते निघालं. आता सत्काराला बोलवलं अन् तोच कागद दोन्ही अंगांनी लावनार. मी कुठं तोंड दाखवू?"

"नाना, एक विचारते. हे उत्तर लिहिणारा माणूस ते जगाला दाखवू शकला असता. त्याची केवढी वाहवा झाली असती! मग त्यानं मागं पुठ्ठा लावून स्वतः खिळे का ठोकले? वीस वर्षं कुणाला हात का लावू दिला नाही?"

कारभारींनी मान वर केली. हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"तुमच्यासाठी," जोहरा म्हणाली. "तुमची भीती कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी स्वतःचे सगळ्यात मोठे शब्द झाकून ठेवले."

म्हातारा ओट्यावर बसला आणि हमसून रडला.

जोहरानं कागद त्याच उपरण्यात गुंडाळला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"मी भानूताईंना एवढंच सांगेन की कागद सुखरूप आहे. पुढचं तुमच्यावर. मी मागायला परत येणार नाही."

बस सुटेपर्यंत ती स्वतःलाच बोल लावत होती. हातातला कागद सोडून आले, आणि उद्या त्याची राख झाली तर?

६

रविवारी दहा वाजता हॉल भरला. जिल्हाध्यक्ष पहिल्या रांगेत बसले होते. काचेचा स्टँड रिकामाच होता आणि त्याच्याकडं बघायचं सगळेच टाळत होते. भानुमतीबाईंनी तीन वेळा जोहराकडं पाहिलं. तिन्ही वेळा जोहरानं नुसतं "थांबा" असा हात केला.

सव्वादहाला कारभारी थोरात आले. इस्त्रीची टोपी, पायांत नव्या वहाणा, काखेत उपरण्याची गुंडाळी. सत्काराची शाल घेऊन भानुमतीबाई पुढं झाल्या, तर त्यांनी ती हातानं थांबवली आणि थेट माइकपाशी गेले.

"शाल मागून द्या, ताई. आधी ऐका, मंग द्यावी वाटली तर द्या. हा कागद मी चोरला व्हता."

त्यांनी आधी स्वतःची चिठ्ठी वाचली. 'हात जोडतो' पर्यंत, एकही शब्द न गाळता. मग म्हणाले, "आता साहेबांचं," आणि टोपी काढून हातात घेतली.

"'कारभारी, आमदारांनी मला निवडून दिलं, पण इथं मी बसलोय तो राज्याच्या जागेवर. खालच्या सभागृहाला लोकांनी घाई करायचा हक्क दिलाय. आपल्याला घटनेनं थांबून विचार करायचं काम दिलंय. पहिल्यानं म्हटलं तेच दुसऱ्यानं म्हणायचं असेल तर दुसरं सभागृह हवं कशाला? समितीत पक्षाचा आदेश चालत नाही, इथं माझं मत माझं आहे. ते आज वापरलं नाही तर सहा वर्षं नुसती खुर्ची अडवली म्हणायची. टर्म जाऊ दे. तुम्ही भ्यालात याचा मला राग नाही. मीही भ्यालोय. टाईपला द्या.'"

मग मागच्या रांगेत कुणीतरी उभं राहिलं, आणि बघता बघता हॉल उभा राहिला. टाळ्या कशा वाजल्या म्हणता, छताचे पंखे हलत होते. चिन्मय जिल्हाध्यक्षांच्या शेजारून उठला, स्टेजवर गेला, कारभारींच्या पाया पडला आणि त्यांच्या हातातला कागद घेऊन स्वतः स्टँडमध्ये बसवला. जिल्हाध्यक्ष तेवढ्यात फोन कानाला लावून बाहेर गेले. चिन्मयनं त्यांच्याकडं वळून पाहिलं, आणि मग काचेवरचे बोटांचे ठसे रुमालानं पुसत राहिला.

भानुमतीबाईंनी शाल पांघरलीच. "तात्या म्हणाले राग नाही, मग मी कोण?" एवढंच त्या बोलू शकल्या.

दुपारी रोशन गेटकडच्या एका उर्दू शाळेच्या मुली आल्या. त्यांच्या बाई, तबस्सुम, स्टँडपाशी थबकल्या. "आपा, बच्चियों को मराठी पढ़ना आता है, लेकिन ये हाथ की लिखावट नक्को जम रही. आप सुना देंगे?"

जोहरा काचेसमोर उभी राहिली. वीस-बावीस वर्षांनी ती परत तात्यासाहेबांचं बोलणं दुसऱ्या भाषेत नेणार होती. दुभाष्याचा एक नियम असतो. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. 'ते म्हणतात' असं म्हणायचं नाही. आणि दुसरा नियम, आवाज हलू द्यायचा नाही.

ती एकेक ओळ सांगत गेली. मुली वर मान करून ऐकत होत्या. शेवटच्या ओळींशी ती आली.

"आप डर गए, इस पर मुझे ग़ुस्सा नहीं है," जोहरा म्हणाली. "मैं भी डरा हूँ। टाइप को दे दीजिए।"

तीस वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज हलला, आणि तिनं तो हलू दिला.